‘पिंपरी’ची लांबी सहा

साशंक : मॅडम, माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे जावा शिकायला येतात ती मुलं कोण? निगडी-आकुर्डीच्या कॉलेजांतली डिप्लोमाची पोरं, भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये दिवसभर राबून संध्याकाळी क्लासला येणारी, चाकणला व्हेंडरकडे स्टोअर सांभाळणारी. त्यांच्यापुढचं काम ठरलेलं आहे. लेबल वाचायचं, पार्ट नंबर तोडायचा, चलानवरचं नाव शोधायचं, रिपोर्टच्या ओळी जोडायच्या. त्याला स्ट्रिंगच्या दहा मेथड पुरतात. लेंग्थ, चारॲट, सबस्ट्रिंग, इंडेक्सऑफ, इक्वल्स, ट्रिम, स्प्लिट, रिप्लेस, आणखी एकदोन. दोन दिवसांत शिकवून होतात. तुम्ही मात्र फळ्यावर मेमरीचे चौकोन काढता, बाण काढता, स्ट्रिंग पूल समजावता. ज्याला अजून फॉर लूप धड लिहिता येत नाही, त्याला ‘ऑब्जेक्ट तोच की मजकूर तोच’ असला प्रश्न घालता. आयटीआयच्या फिटरच्या हातात आपण आधी फाइल देतो. तो लोखंड घासतो, घासत राहतो, मग हात बसतो. फाइलच्या पोलादाला पाणी कसं दिलंय हे पहिल्या दिवशी कुणी सांगत बसत नाही.

आग्रही : फिटरचंच घेऊ, सर. फाइलचं पोलाद त्याला सांगत नाहीत, कबूल. पण व्हर्नियर हातात दिला की शून्याची चूक आधी तपासायला शिकवतातच ना? ती चूक माप घेताना कळत नाही, जॉब रिजेक्ट होऊन परत आला की कळते. स्ट्रिंगमध्ये नेमकी तशीच एक चूक आहे. मुलगा प्रोग्राम लिहितो, स्टेटस नावाच्या व्हेरिएबलमध्ये ‘ओके’ हा शब्द ठेवतो आणि खाली विचारतो, स्टेटस == ‘ओके’ आहे का? जावा म्हणते, हो. मुलगा खूश. आता हाच प्रोग्राम कामावर लावा. तिथे ‘ओके’ हा शब्द बारकोड स्कॅनरकडून, फाइलमधून किंवा डेटाबेसमधून येतो. अक्षरं तीच, क्रम तोच, पण जावा म्हणते, नाही. कारण == हे चिन्ह मजकूर बघतच नाही. दोन्ही नावं मेमरीतल्या एकाच वस्तूकडे बोट दाखवतात का, एवढंच बघते. क्लासमध्ये दोन्ही ‘ओके’ प्रोग्रामच्या आतच लिहिलेले होते, म्हणून जावाने त्यांची एकच प्रत पूलमध्ये ठेवली आणि उत्तर योग्य आलं. योग्य आलं ते चुकीच्या कारणाने. पुढे लाइनवर ते चुकतं तेव्हा एरर येत नाही, लाल रेघ उमटत नाही. चांगला पार्ट गपचूप रिजेक्टच्या ट्रेमध्ये जातो. ते मुलाने स्वतः शोधायचं तर फळ्यावरचे ते बाण त्याच्या डोक्यात असावेच लागतात.

साशंक : त्याला एक ओळीचा नियम पुरतो. स्ट्रिंगची तुलना करायची तर इक्वल्स, दुसरं काही नाही. हा कारखान्यांचा पट्टा असल्या नियमांवरच उभा आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ नंतर एमआयडीसीने शेड उभ्या केल्या, तेव्हा शेतावरून थेट मशीनवर आलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत बसले असते तर उत्पादन कधी निघालं असतं? पिवळ्या पट्टीच्या आत चालायचं, गार्ड लावल्याशिवाय प्रेस सुरू करायचा नाही. कारणं माणसाला काम करता करता कळत गेली.

आग्रही : एकच नियम असता तर मीही तेच केलं असतं. पण पुढच्याच तासाला मुलगा येऊन सांगतो, मॅडम, रिप्लेस चालत नाही. पार्ट नंबरातल्या डॅश काढायला सांगितल्या, प्रिंट केला तर डॅश तिथेच. मग दुसरा नियम द्यायचा, की रिप्लेसचं उत्तर परत व्हेरिएबलमध्ये घे. ट्रिमलाही तोच, टूअपरकेसलाही तोच. मग तिसरा नियम, लूपमध्ये अधिकचं चिन्ह वापरून स्ट्रिंग जोडत जायची नाही. मुलाच्या डोक्यात हे तीन-चार सुटे नियम होतात आणि परीक्षेनंतर सगळे गळून जातात. मूळ मात्र एकच आहे. जावातली स्ट्रिंग एकदा तयार झाली की तिच्यातलं एकही अक्षर बदलता येत नाही. रिप्लेस जुनी स्ट्रिंग बदलत नाही, नवी करून देतं. बदलता येत नाही म्हणूनच एक प्रत दहा ठिकाणी निर्धास्त वाटून वापरता येते. पूल शक्य होतो तो त्यामुळे. फाइलचं नाव तपासलं आणि मग ती फाइल उघडली, तर मधल्या क्षणात ते नाव कुणी दुसरं करू शकत नाही, ही सुरक्षितताही त्यातूनच मिळते. हे एक मूळ समजलं की बाकीचे नियम मुलगा स्वतः काढतो. मी ते पाहिलंय.

लूपचंच घ्या ना. एखादा सेन्सर दर सेकंदाला एक ओळ टाकतो असं धरा. आठ तासांच्या शिफ्टला २८,८०० ओळी. ओळीत पन्नास अक्षरं धरली तर सगळा मजकूर १४ लाख ४० हजार अक्षरांचा. पण अधिकचं चिन्ह वापरून ओळीमागून ओळ जोडत गेलं, तर प्रत्येक वेळी आधीचा सगळा मजकूर नव्या जागी उतरवून घ्यावा लागतो. शेवटच्या ओळीपर्यंत दोन हजार कोटींवर अक्षरं उतरवून झालेली असतात. हातातल्या मजकुराच्या चौदा हजारपट हमाली! स्ट्रिंगबिल्डर घेतला की ती संपते. तो जावाच्या पाचव्या आवृत्तीत, २००४ साली आला. तरी परीक्षेच्या तयारीत मुलं अजून ‘स्ट्रिंग आणि स्ट्रिंगबफर यांतला फरक’ चार मुद्द्यांत पाठ करतात, आणि त्या चार मुद्द्यांमागची ही हमाली कुणी त्यांना मोजून दाखवत नाही.

साशंक : हमालीचा हिशेब पटला. पण तो तुम्ही कामातून काढलात, मेमरीच्या चौकोनातून नाही. माझंही तेच म्हणणं आहे. मी शिकवलं असतं तर पहिल्या दिवशी गाडीचा चासी नंबर दिला असता. सतरा अक्षरांचा, जगभर एकाच पद्धतीचा. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. टाटा मोटर्सची एम-ए-टी, बजाजची एम-डी-दोन. पुढची सहा गाडीच्या वर्णनाची, शेवटची आठ त्या एका गाडीची ओळख. मुलाला सांगायचं, तोड. सबस्ट्रिंग शून्य ते तीन, तीन ते नऊ, नऊ ते सतरा. मोजणी शून्यापासून होते आणि शेवटचा आकडा धरला जात नाही, या दोन गोष्टींवर पुस्तकात पानं खर्च होतात. इथे मुलगा स्वतःच बघतो, तीन वजा शून्य तीन, नऊ वजा तीन सहा, सतरा वजा नऊ आठ. एका तुकड्याचा शेवट तोच पुढच्याचा आरंभ. असं का ठेवलंय हे सांगावंच लागत नाही. आणि हा नंबर त्याच्या ओळखीचा आहे, घरच्या मोटारसायकलच्या आरसी बुकावर छापलेला.

आग्रही : फार चांगलं उदाहरण आहे, मी वर्गात वापरणार. पण त्याच नंबरात पुढे काय होतं बघा. चासी नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं घ्यायचीच नाहीत असा संकेत आहे, एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. तेव्हा गेटवरच्या माणसाने शून्याऐवजी ओ टाइप केला, तर प्रोग्रामने बेधडक ओ काढून शून्य घालावं. रिप्लेसची एक ओळ, आणि ती बरोबर आहे. हीच ओळ मुलाने उद्या पार्ट नंबरावर चालवली तर? तिथे ओ आणि शून्य दोन्ही असू शकतात, आणि दोन वेगळे पार्ट एका बिनमध्ये पडतील. मेथड तीच. ती कुठे चालवायची हे जावा सांगणार नाही.

पार्ट नंबर म्हटला की आणखी एक येतं. शून्य शून्य चार पाच दोन असा नंबर असतो. मुलाला वाटतं, हा आकडाच आहे, पूर्णांकात ठेवू. ठेवला की पुढची शून्यं गेली. प्रोग्राममध्ये थेट ००४५२ असं लिहिलं तर आणखीच घोळ, कारण शून्याने सुरू होणारा पूर्णांक जावा अष्टमान पद्धतीतला समजते आणि हातात येतात २९८. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही तो आकडा नव्हे, मजकूर आहे, हे ओळखणं मी स्ट्रिंगचाच भाग धरते.

साशंक : त्यात वाद नाही. कामावरचीच आणखी एक सांगतो, तुमच्या पोरांना हमखास नडणारी. लेबलवर चार गोष्टी उभ्या रेघेने वेगळ्या केलेल्या असतात. पोरगं स्प्लिटला ती उभी रेघ देतं आणि एकेक अक्षर सुटं होऊन येतं. स्प्लिटला दिलेलं चिन्ह साधं चिन्ह नसून नमुना असतो आणि नमुन्यांच्या भाषेत उभ्या रेघेचा अर्थ ‘हे किंवा ते’, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. टिंब दिलं तर काहीच हाती येत नाही. व्हेंडरच्या फाइलमधले शेवटचे दोन रकाने रिकामे असले की स्प्लिट ते टाकूनच देतं, आणि सहावा रकाना वाचायला गेलेला प्रोग्राम कोसळतो. हे असंच भोगत शिकायचं असतं. आता तर एआयला सांगितलं की असला कोड आयता लिहून मिळतो, तोही बहुतेक बरोबर.

आग्रही : मिळतो. रिकाम्या रकान्यांची फाइल पुढे आल्यावर तो बरोबर राहील का, हे विचारायचं कुणी? ते विचारायला माणूस लागतो, आणि तो मी तयार करतेय.

साशंक : बरं. मग माझी खरी शंका आता काढतो. तुमची सगळी इमारत, तो पूल, ती लांबी, ते शून्यापासून मोजणं, इंग्रजी अक्षरांवर उभी आहे. ‘ओके’, चासी नंबर, पार्ट नंबर. पण प्रोग्राम चालू झाला की पोरगं पहिल्यांदा काय टाइप करतं? स्वतःचं नाव, गावाचं नाव. ते मराठीत टाइप करून बघू द्या. ‘पिंपरी’ची लांबी विचारली तर जावा सांगते सहा. पोराच्या डोळ्यांना दिसतात तीन अक्षरं. ‘आकुर्डी’ पण तीनच अक्षरांची, जावा सांगते सात. ‘चाकण’ तीन अक्षरांचं, जावा सांगते चार. तुम्ही त्याला मोठ्या ठामपणे शिकवलेलं असतं की लेंग्थ म्हणजे अक्षरांची संख्या.

आग्रही : तसं मी शिकवत नाही, पण पुस्तकं शिकवतात, खरं आहे. लेंग्थ अक्षरं मोजत नाही. सोळा बिटांची घरं मोजते. जावा १९९५ साली बाहेर आली तेव्हा जगातल्या सगळ्या लिप्या ६५,५३६ खुणांत मावतील असा समज होता, म्हणून एका अक्षराला सोळा बिटांचं एक घर ठरलं. देवनागरीत प एक खूण, त्याची वेलांटी दुसरी, अनुस्वार तिसरी. म्हणून ‘पिं’ तीन घरांचा. पुढच्याच वर्षी युनिकोडने हद्द वाढवली, जावाचं घर मात्र सोळा बिटांचंच राहिलं. चिंचवडच्या देवस्थानची इनामांची जुनी कागदपत्रं मोडीत आहेत. ती मोडीतच संगणकावर उतरवायची ठरवली, तर मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली ती त्या जुन्या हद्दीबाहेर. मोडीतलं एक साधं अक्षर म्हणजे जावाला दोन घरं. त्यातलं एकच घर चारॲटने उचललं तर हाती अर्धं अक्षर येतं, ज्याला काहीच अर्थ नसतो.

साशंक : आणि पाठ्यपुस्तकातला सगळ्यात लाडका अभ्यास कोणता? उलटसुलट सारखंच वाचता येणारं वाक्य ओळखा. आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ‘ती होडी जाडी होती’ येतं. मागून वाचा, तेच. जावाला विचारा. स्ट्रिंगबिल्डरचं रिव्हर्स घरं उलटी करतं, त्यामुळे वेलांटी आधी येते आणि त पुढे. स्क्रीनवर सुरुवातीलाच एका पोकळ टिपक्याटिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दुसरी वेलांटी. जावाचं उत्तर, वाक्य उलटसुलट सारखं नाही. पोराच्या आजीला माहीत आहे की ते सारखं आहे. चूक कुणाची धरायची त्याने?

आग्रही : जावाची नाही, अभ्यास लिहिणाऱ्याची. त्याने ‘अक्षर’ म्हणताना कोणतं अक्षर हे ठरवलं नाही. दिसणारं अक्षर तोडायचं तर जावात ब्रेकइटरेटर आहे. मात्र तिथेही मुलाला सत्यच सांगायचं तर सांगावं लागेल, की जोडाक्षर एक धरायचं की दोन, हे युनिकोडच्या अक्षर तोडण्याच्या नियमांतच बराच काळ आपल्या बाजूने नव्हतं. ‘आकुर्डी’तला ‘र्डी’ पूर्वीच्या नियमाने र् आणि डी असा तुटायचा. देवनागरीचं जोडाक्षर एकसंध धरायचा नियम २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीत आला. म्हणजे ‘आकुर्डी’ चार अक्षरांची की तीन, हे तुमचा प्रोग्राम कोणत्या वर्षाचे नियम पाळतो त्यावर ठरतं. म्हणूनच मी म्हणते, सर, मराठी मजकूर पहिल्या महिन्यात नको. आधी साध्या अक्षरांवर पाया घट्ट होऊ द्या.

साशंक : बघा, आता आपल्या जागा बदलल्या. मघाशी खोलात जायला मी नको म्हणत होतो आणि तुम्ही ओढत होता. तुम्ही मराठी पुढे ढकलता, पण ती पुढे ढकलली जात नाही. आळंदी-चाकणच्या बाजूला कुऱ्हाडे आडनाव पुष्कळ. ते टाइप करायचे दोन रस्ते आहेत. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, त्याला हलन्त दिला की आडनाव आठ घरांचं होतं. दुसऱ्या पद्धतीत र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारी जोडखूण, की नऊ घरं. कागदावर छापलं तर भिंग लावूनही फरक सापडणार नाही. हजेरीच्या यादीत एका रस्त्याने नाव आहे, पगाराच्या यादीत दुसऱ्याने. तुमचं लाडकं इक्वल्स म्हणतं, ही दोन माणसं. ‘ॲक्सल’चंही तेच. ॲ हे एक अक्षर म्हणून टाइप केलं तर पाच घरं, अ टाइप करून वर चंद्र दिला तर सहा. स्टोअरच्या यादीत एकाच पार्टच्या दोन नोंदी, दोन वेगळे साठे.

आग्रही : एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या नॉर्मलायझरची आठवण मी करून देणार होते, पण तो इथे पुरत नाही हे मला माहीत आहे. र आणि खाली नुक्ता असं लिहिलेलं असेल तर तो त्याचा ऱ करून देतो. जोडखुणेचा रस्ता त्याच्या हिशेबात नाही, आणि अ-वर-चंद्रही नाही. ते आपल्यालाच रिप्लेसने एकसारखं करून घ्यावं लागतं, यादीत नाव येतानाच. आकड्यांचं तर आणखी विचित्र. गाडीच्या नंबरातलं चौदा देवनागरीत लिहिलं तर पार्सइंट ते नीट वाचून पूर्णांक चौदा देतं. पण ‘फक्त आकडे आहेत का’ हे पाहणारा नेहमीचा नमुना देवनागरी आकड्यांना नाकारतो, आणि इक्वल्सला इंग्रजी चौदा आणि मराठी चौदा वेगळे. एकाच भाषेच्या तीन दारांवर तीन उत्तरं. एमएच १४, एमएच-१४, एमएच१४, गेटच्या रजिस्टरमध्ये तिन्ही सापडतील, आणि सिक्युरिटीच्या माणसाला तिन्ही एकच. त्याचा ‘एकच’ आणि इक्वल्सचा ‘एकच’ यांत अंतर आहे. आजवर मी मुलांना दोनच पातळ्या शिकवत आले, वस्तू तीच आणि मजकूर तोच. तुमचं म्हणणं, तिसरी पहिल्याच दिवशी समोर येते.

साशंक : येते, आणि उलट दिशेनेही येते. चाकणजवळ महाळुंगे आहे, खेड तालुक्यातलं, महाळुंगे इंगळे. बालेवाडीच्या शेजारी मुळशी तालुक्यात दुसरं महाळुंगे आहे. दोन्ही नावं एकाच रस्त्याने टाइप करा. घर न घर सारखं. इक्वल्स म्हणणार, एकच. डिस्पॅचचा ट्रक मात्र एकाऐवजी दुसरीकडे जाऊन उभा राहणार. इथे स्ट्रिंगची कुठलीच मेथड कामाची नाही. पुढे तालुक्याचा किंवा पिनकोडचा रकाना लागतो, आणि तो लागतो हे डिस्पॅचच्या क्लार्कला माहीत असतं, प्रोग्राम लिहिणाऱ्याला नसतं.

आग्रही : माझ्या वर्गात तो क्लार्कच बसलेला असतो, सर. दिवसा तो स्टोअरमध्ये असतो. त्याला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, फक्त त्याने कधी ते इक्वल्सशी जोडलेलं नसतं. तरी मला भीती वाटते. ज्याने अजून पहिला प्रोग्राम पुरता चालवलेला नाही, त्याला त्याचंच आडनाव एकदा आठ आणि एकदा नऊ लांबीचं दाखवलं, तर संगणकाला मराठी जमतच नाही, असं धरून तो कायम रोमनमध्ये लिहीत राहील.

साशंक : तो आत्ताही रोमनमध्येच लिहितोय. आणि तिथेही एकजण महाळुंग्यात ‘म’नंतर ‘ए’ घालतो, दुसरा घालत नाही. भीती दाखवण्याची नाही. दाखवून त्याला तिथेच सोडून देण्याची आहे. त्याला दोन्ही आडनावांची घरं एकेक करून छापायला लावा. चारॲट आणि फॉर लूप, एवढंच लागतं. नववं घर कुठे लपलंय हे त्याला स्वतःला सापडू द्या.

आग्रही : ते करायचं तर चारॲट आधी शिकवावं लागेल, आणि चारॲट शिकवताना ‘अक्षर’ हा शब्द मी कसा वापरायचा? घर म्हटलं तर चौकोन काढून दाखवावे लागतील, आणि माझ्या चौकोनांवरच तर तुमचा आक्षेप होता. अक्षर म्हटलं तर ‘पिंपरी’पाशी खोटी पडते.

साशंक : चौकोन काढा. पण त्यांत ‘ओके’ लिहू नका, ‘पिंपरी’ लिहा.

आग्रही : मग त्याच तासाला == कसं दाखवायचं ते मला नव्याने बसवावं लागेल. आणि चासी नंबर तुम्ही पहिल्या दिवशी मागत होतात, तो आता कितव्या दिवशी?